हात मांडीखाली

शेळके मॅडम पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या तेव्हा माझ्या हातात सासूबाईंच्या चपला होत्या.

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू लुळी पडली होती. त्या दिवशीचा व्यायाम संपला, सासूबाई खुर्चीवर टेकल्या आणि मी सवयीने वाकून त्यांच्या पायात चपला सरकवायला गेले. "खाली ठेवा त्या!" असा काही आवाज आला की मला वाटलं चपलेत विंचूच आहे. मी चपला टाकूनच दिल्या.

"पाय त्यांचे, चपला त्यांच्या. तुमचं काय काम मध्ये?"

"मॅडम, त्यांना वेळ लागेल."

"लागू द्या. तुमची एसटी सुटतेय का? बसा त्या बाकावर. हात मांडीखाली."

मी शाळेत शिक्षिका. आयुष्यभर दुसऱ्यांना 'खाली बस' म्हणत आलेली बाई. पण त्या आवाजापुढे मुकाट्याने बाकावर बसले आणि दोन्ही तळहात मांडीखाली सारले. सासूबाई अंगठ्याने चपलेचा पट्टा शोधत होत्या. चप्पल पुढे सरकायची, पाय मागे राहायचा. माझे हात मांडीखाली नुसते वळवळत होते. शेवटी एकदाचा अंगठा पट्ट्यात शिरला तेव्हा सासूबाईंनी वर पाहिलं, ते माझ्याकडे नाही, मॅडमकडे. मला त्याचाही राग आला. आतल्या खोलीत येऊन मी यांना म्हटलं, "आपण भाडेकरू ठेवलाय की फौजदार?"

येवल्यातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली आम्ही शेळके मॅडमना फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी दिली होती. खोलीत दोन खाटा, एक बाक, भिंतीला लावलेला लाकडी दांडा आणि समोरच्या भिंतीवर पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलेली पाटी: 'नातेवाइकांनी हात मांडीखाली ठेवून बसावे.' नवीन माणूस ते वाचून हसायचा. हसून झालं की मॅडम त्याच्याकडे नुसत्या बघायच्या आणि तो हात मांडीखाली घालायचा. बाकावर नेहमी अशी एक रांग असायची. सुना, मुलं, नवरे, कांद्याचे व्यापारी, एकदा तर गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक पुढारीही. सगळे आपापल्या हातांवर बसलेले आणि समोर आपलं माणूस धडपडतंय ते बघत असलेले.

"मला हात मोकळे असलेल्या नातेवाइकांची भीती वाटते," मॅडम म्हणायच्या. "आजार बिचारा एक बाजू नेतो. दुसरी बाजू हे घेऊन जातात."

बुटक्या, खांद्याने रुंद, पंजाबी ड्रेसवर ओढणी आडवी कमरेला बांधलेली, पायात खेळाडूंचे बूट. मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शुद्ध, पण पारा चढला की अहिराणी सुरू व्हायची. "हाई काय चालू शे?" असं ऐकू आलं की आम्ही आत समजायचो, कुणीतरी पेशंटला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. स्कूटीला मागे वॉकर बांधून त्या खेड्यापाड्यांत जायच्या. लांबून दिसायचं की कुणीतरी स्टीलची शिडी घेऊन चाललंय.

आता माझा राग सांगते, कारण तो अजून गेलेला नाही. या बाईला गाव काय म्हणायचं? मालिशवाली. कुणी शेकवाली म्हणायचं, कुणी करंटवाली. त्यांच्याकडे एक लहानसं विजेचं मशीन होतं, लोकांना तेवढंच हवं असायचं. "मॅडम, जरा करंट लावा ना, व्यायाम बियाम राहू द्या." एकदा एक गृहस्थ गाडी करून लांबून आले आणि उठाबशा सांगितल्यावर चिडून म्हणाले, "काम आम्हीच करायचं तं मंग तुम्ही कशाला?" कॉलेजात वर्षानुवर्षं शिकून, हॉस्पिटलात राबून आलेली बाई, आणि तिला दारात विचारायचे, "तुम्ही डॉक्टर का नर्स?" आणि पेशंट यायचे कधी? सगळं करून झाल्यावर. कुठेतरी जाऊन कबुतराचं रक्त चोळून घ्यायचे. मग कुणाच्या तरी मामाने सांगितलेलं तेल. मोठ्या डॉक्टरने चिठ्ठीत 'आराम' लिहिलेलं असायचं, ते मात्र अगदी मन लावून पाळलेलं असायचं. जेव्हा अंग वळू शकत होतं ते दिवस सगळे खाटेवर गेलेले. मग आखडलेला हात घेऊन यायचे आणि वर म्हणायचे, बघू, तुमच्याही हाताला गुण आहे का.

"आराम!" मॅडम ती चिठ्ठी हातात धरून म्हणायच्या. "आराम माझ्या नवऱ्याला सांगा. त्याला तरी जमतो."

नवऱ्यावर हा अन्याय होता. शेळके भाऊजी एसटी स्टँडवर गाड्यांच्या नोंदी करायचे, शांत माणूस. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला धक्काच बसला. दुसऱ्याला चप्पल उचलून देऊ न देणारी ही बाई कॉटवर पाय लांब करून पडली होती आणि ओरडत होती, "अहो, पाणी. हातात द्या." भाऊजींनी पाणी हातात दिलं. मग, "उशी." उशी पाठीमागे लावली. मग लेकीने कमरेचा पट्टा सोडून दिला. दिवसभर माणसं उभी करून मॅडमची कंबर गेली होती आणि स्वतःचे व्यायाम त्या करत नसत. भाऊजी हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही तरी सांगा हिला." मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मला लकवा मारलेला नाही. मला दमायचा हक्क आहे." भाऊजींनी खिचडी वाढली. ताट कॉटवरच आलं.

त्यांची आणखी एक सवय होती. पेशंट आला की बाकी काही न बघता त्या विचारायच्या, "काय करायचंय तुम्हाला?" लोक म्हणायचे, बरं व्हायचंय. ते त्यांना चालायचं नाही. "बरं सगळ्यांनाच व्हायचंय. करायचंय काय ते सांगा." माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "संडासला एकटीनं जायचंय." घरात आम्ही चौघं जण त्यांच्या दिमतीला होतो, त्यांच्या मनात हे आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

एका खेड्यातल्या म्हातारीने सांगितलं, "मला भाकर थापायची." झालं. मॅडमनी दवाखान्यात काटवट, तवा आणि छोटा गॅस आणला. माझ्या घरात औषधांऐवजी करपलेल्या भाकरीचा वास सुटला. म्हातारीचा उजवा हात थरथरायचा, भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. सून बाकावर हात मांडीखाली घालून बसलेली, डोळे पाण्याने भरलेले. एक दिवस ती रडूनच बोलली.

"मॅडम, मला लोक काय म्हणतील? सासूला झटका आला आन् हिनं तिला भाकऱ्या बडवायला बसवलं. आमच्या गल्लीत लय बोलत्यात बाया. तुमचं काय जातं?"

मॅडम चिडल्या नाहीत. त्या सुनेकडे पहिल्यांदाच नीट बघून म्हणाल्या, "खरंय. माझं काही जात नाही." दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन त्या थेट त्या खेड्यात गेल्या. म्हातारीच्या ओट्यावर, भर गल्लीत, मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, भूक लागलीय. तुमच्या हातची भाकर पाहिजे. सुनेच्या हातची मला नको." म्हातारीने थापली. वाकडी, करपलेली. मॅडमनी ती मिरचीच्या ठेच्याबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, जमलेल्या बायकांच्या तोंडावर. एक बाई म्हणाली, "कच्ची राहिली जरा." तिच्यावर मॅडम अहिराणीत अशा काही घसरल्या की ती घरातच निघून गेली. संध्याकाळी पोट धरून परत आल्या आणि माझ्याकडे ओवा मागितला.

लोक काय म्हणतील, याच्याशी त्यांचं खरं भांडण होतं. स्नायूंशी नव्हतंच. आणि हे भांडण त्या एकदा वाईट हरल्या, ते नानांच्या बाबतीत.

नाना आमच्या मागच्या गल्लीतले पैठणी विणणारे. दोन मुलं, विजय आणि संजय, दोघांचं मिळून साड्यांचं दुकान. घरात माग एकच उरला होता, तो नानांचा. जमिनीत खोदलेला खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं, पायाने खालच्या फळ्या दाबायच्या आणि हाताने धोटा या बाजूचा त्या बाजूला टाकायचा. पोरवयापासून नाना त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही जड झाली.

मुलांनी बापाला फुलासारखं जपलं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच जपलं. तोंडात घास भरवायचे, अंग पुसायचे, कूस बदलून द्यायचे. दवाखान्यात आणलं तेही खुर्चीसकट उचलून, एक पुढे एक मागे. गल्ली बघत राहिली. बायका म्हणाल्या, पोरं असावीत तर अशी.

मॅडम दारातच आडव्या आल्या. "खाली ठेवा. उंबऱ्यापासून आत ते चालत येतील."

विजयला खरोखर वाईट वाटलं. "मॅडम, आम्ही दोन पोरं असताना नानांनी चालायचं?"

"मग तुम्ही जन्माला यायच्या आधी ते काय उडत होते?"

खुर्ची खाली आली. काकू, म्हणजे नानांची बायको, मागून चालत आल्या होत्या. बारीक, अबोल बाई. मॅडमनी नेहमीचा प्रश्न नानांना विचारला. नानांचं तोंड वाकडं झालं, शब्द जुळेना. मुलं मदतीला धावली, "त्यांना म्हणायचंय की..." मॅडमनी बोटानेच बाक दाखवला. दोघं हातांवर बसले. नाना बराच वेळ झगडले आणि म्हणाले, "मागावर... बसायचंय."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी कुणी न सांगता हात मांडीखाली घातले.

नंतरच्या महिन्यांत नाना खूप सुधारले. खुर्ची धरून उभे राहायचे, मग भिंत धरून चालायचे. पण खड्ड्याचं काय करायचं? काठावर बसून पाय खाली सोडणं आणि आलटून पालटून दाबणं, हे खाटेवर जमेना. मॅडम विचार करत दारात उभ्या होत्या आणि त्यांना आमच्या ओट्याखालची गटार दिसली. उन्हाळ्याचे दिवस, गटार कोरडी ठणठणीत. त्यांनी स्वतः खराट्याने ती झाडली, फिनेल टाकून धुतली, आत विटांवर दोन फळ्या तिरक्या ठेवल्या आणि नानांना ओट्याच्या काठावर बसवलं. पाय गटारीत. हातात घरून आणलेला धोटा.

नानांनी खाली पाहिलं, फळीवर पाय ठेवला आणि हसले. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डावा पाय दाबला, उजवा नुसता थरथरला. रोज सकाळी ते तिथे बसू लागले. हळूहळू उजव्या पायाखालची फळीही वाजायला लागली. येणारी जाणारी माणसं थांबायची. कुणी विचारायचं, "काय मॅडम, नानांना गटारीत बसवलं?" मॅडम म्हणायच्या, "हो, तुम्हालाही जागा करू का?"

कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'दोन दोन मुलं असून बापावर ही वेळ.' तो माणूस कोण ते मला अजून माहीत नाही. माहीत झालं तर आजही मी त्याच्या दारात जाऊन बोलेन.

संजय तरातरा आला. "आमच्या बापाला तुम्ही गटारीत पाय घालून बसवलं! समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाय मॅडम."

"अरे, पाय बघ ना त्यांचा. पाय हलतोय."

"हलू द्या नाय तर नका हलू. आमची पोसायची ऐपत हे."

दोघा भावांनी नानांना उचललं. नाना मान हलवत होते, हातातला धोटा सोडत नव्हते. संजयने तो हळूच, प्रेमाने, बोटं सोडवून काढून घेतला. मला तो धोटा काढून घेणं विसरता येत नाही. त्यानंतर मॅडम त्यांच्या घरी कितीदा तरी गेल्या. दरवेळी दारातूनच उत्तर यायचं, "नाना झोपलेत."

पुढे समाजाचा वार्षिक मेळावा झाला. कार्यालय भरलेलं, स्टेजवर समाजाची मोठी मंडळी. विजय आणि संजय यांना 'मातृपितृ सेवा सन्मान' द्यायचा होता. आमंत्रण मॅडमनाही होतं, त्यांनी मला बरोबर ओढलं. "एकटी गेले तर काहीतरी बोलेन," म्हणाल्या. निवेदकाने त्यांना स्टेजवर बोलावलं ते असं: "नानांची मालिश ज्यांनी केली त्या शेळकेताई." मॅडम गेल्या, खुर्चीवर बसल्या. टाळ्यांच्या कडकडाटात मुलांनी नानांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर आणलं. जो माणूस आमच्या दवाखान्यात भिंत धरून चालत होता तो. पाय लाकडासारखे लटकत होते. मी खालून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

मग निवेदकाने सेवेचं वर्णन सुरू केलं. औषधपाणी, भरवणं, सगळं. आणि म्हणाला, "एवढंच नाही. नानांना खोलीत मोकळी जागा मिळावी, जुन्या कष्टांची आठवणसुद्धा राहू नये, म्हणून या मुलांनी घरातला पिढीजात माग काढला, तो खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यावर सुंदर फरशी बसवली. आज नानांची खाट त्या फरशीवर आहे!"

टाळ्या. काय टाळ्या वाजल्या! काही बायकांनी पदराने डोळे पुसले.

मॅडम उठल्या. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि निवेदकाला बाजूला सारून माइकशी उभ्या राहिल्या. मला वाटलं आता भाषण होणार. पण त्या मुलांकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडून अहिराणीच निघाली. "कोनले इचारीसन करं हाई?" सभागृहात हसू फुटलं. काहींना वाटलं मॅडम गंमत करताहेत. मग त्या नानांकडे वळून मराठीत म्हणाल्या, "नाना, खड्डा बुजवायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं?"

नानांनी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

निवेदकाने माइक ओढून घेतला. "मित्रांनो, नाना भावुक झालेले आहेत."

पुन्हा टाळ्या. मॅडम स्टेजवरून उतरल्या त्या थेट बाहेर. मी मागे धावले. स्कूटीजवळ उभ्या राहून त्या हातातली किल्ली बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, चांगली पोरं आहेत हो ती. हरामखोर असती तर मी जिंकले असते." आत विजय-संजयच्या अंगावर शाली पडत होत्या, ते लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं.

मला विचाराल तर त्या दिवशी तिथे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला मी हात मांडीखाली घालून बसवलं असतं. माणसाचे पाय काढून घेतले आणि त्याबद्दल शाल-नारळ दिले. याला जर कुणी सेवा म्हणत असेल तर मला माझ्या म्हातारपणी ती नको. हे मी माझ्या मुलाला सांगून ठेवलंय. तो हसतो.

मॅडम आता येवल्यात नाहीत. लेकीच्या शिक्षणासाठी त्या नाशिकला गेल्या, गंगापूर रोडला दवाखाना टाकला. फोन केला की सांगतात, इथे तर नातेवाईक स्वतः उचलतही नाहीत, उचलायला पगारी माणूस ठेवतात, आता मी कुणाला बाकावर बसवू? आमच्या त्या खोलीत मोबाइलचं दुकान आलं. दुकानदाराने भिंत रंगवली, पण लाल अक्षरं पुसट दिसतातच. गिऱ्हाईक विचारतं, हे काय हो? तो म्हणतो, आधीच्या मॅडमचं काहीतरी आहे.

पण मला मॅडम आठवतात त्या दवाखान्यातल्या नाहीत. मेळाव्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी दुपारी मला काकूंचा फोन आला. आयुष्यात कधी त्यांनी मला फोन केलेला नव्हता. म्हणाल्या, "बाई, मॅडमला घेऊन या घरी. पण पळत येऊ नका."

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते. ज्या गवंड्याने फरशी बसवली होती त्यानेच ती काढली आणि मुरूम उपसला. माग पुन्हा उभा राहिला. नानांनी पूर्ण पैठणी परत कधी विणली नाही, ते शक्यच नव्हतं. दिवसभरात बोटभर काठ व्हायचा, तोही चुकायचा, आणि काकू बाजूला बसून चूक उसवायच्या. पण सकाळी आंघोळ करून, भिंत धरून नाना मागापर्यंत जायचे आणि खड्ड्यात पाय सोडून बसायचे. गेले तेव्हाही आदल्या संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसलेले होते.

त्या दुपारी आम्ही पोचलो तेव्हा लांबूनच ठण्, ठण् ऐकू येत होतं. मुलं दुकानात होती. काकू आतल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली. आम्हाला पाहून त्यांनी नुसती मान आतल्या बाजूला केली.

नाना जमिनीवर बसले होते, पाय पसरून. खाट भिंतीकडे ढकललेली. त्यांच्या उजव्या हातात, झटक्याने गेलेल्या हातात, खलबत्त्याचा लोखंडी बत्ता होता. डावा हात त्यावर घट्ट धरलेला, मॅडमनी शिकवला होता तसा, आजारी हाताने काम करायचं आणि चांगल्याने नुसती साथ द्यायची. बत्ता वर जायचा, डगमगायचा, आणि खाली यायचा. चकचकीत फरशीला एका कोपऱ्यात तडा गेला होता. नाना घामाने निथळत होते.

"तुम्ही दिलात बत्ता?" मी काकूंना हळूच विचारलं.

"मी नाय. तेच उठले. भिंतीला धरून सैपाकघरात गेले आन् मांडणीवरून घेतला. मी काय उठले नाय, बाई. लय वेळा उठावं वाटलं. पण नाय उठले."

मॅडम काकूंच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या.

शेजाऱ्यांनी आवाज ऐकून दुकानात फोन केला असावा. विजय आणि संजय धावत आले, चपला न काढता आत शिरले. "नाना! अहो नाना, काय करताय, लागेल ना!" संजय बापाच्या काखेत हात घालायला वाकला. मी मॅडमकडे पाहिलं. आता ओरडणार म्हणून. त्या ओरडल्या नाहीत.

नानांनी बत्ता खाली ठेवला. मान वर न करता, जड जिभेने, एक एक अक्षर ओढत, पण घरातल्या सगळ्यांना स्पष्ट ऐकू येईल असं ते म्हणाले, "हात... मांडीखाली."

संजय वाकलेला तसाच थांबला. मग तो मागे सरकला आणि भिंतीला टेकून बसला. विजय त्याच्या शेजारी बसला. दोघांनी हात मांडीखाली घातले. विजय लहान पोरासारखा रडत होता आणि डोळे पुसायला त्याला हात काढता येत नव्हता.

नानांनी बत्ता पुन्हा उचलला. मी शेजारी पाहिलं. मॅडमच्या बोटांना सगळं माहीत होतं, कुठे आधार द्यायचा, कोपर कुठे धरायचं. त्यांची बोटं वळवळत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर सगळं वजन टाकून बसल्या.

ठण्. दुसरा तडा गेला.